तारखांचा दुभाषी : शंकर बाळकृष्ण दीक्षित

देवगाव फाटा (जि. परभणी) : सेलू तालुक्यातील देवगाव फाटा आणि आसपासची गावे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. त्यामुळे मराठवाड्यातील इतर भागांप्रमाणेच येथील जुन्या घरांतही जमिनीचे, वतनाचे आणि महसुलाचे निजामकालीन कागद वारसांनी जपून ठेवलेले असतात. त्यांवरचा मजकूर उर्दूत किंवा मोडीत असतो आणि तारीख असते फसली सनाची. मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा हे विस्मरणात गेलेले सन पुन्हा एकदा सामान्य माणसाच्या बोलण्यात आले.

अशा एखाद्या कागदावर फसली १३४० असे लिहिलेले असेल, तर ते इसवी सनाचे कोणते वर्ष? प्रश्न सोपा वाटतो. उत्तर मात्र कागद कोठला आहे यावर अवलंबून आहे. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष आजूर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असे. तेथे १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. मुंबई इलाख्यात ते मृगाबरोबर जूनमध्ये, तर मद्रास इलाख्यात १ जुलैला सुरू होई. उत्तर हिंदुस्थानात तर याच आकड्याचा अर्थ १९३२-३३ असा होतो. सनाचे नाव एक, आकडा एक आणि फरक चक्क दोन वर्षांचा. वारसा, मुदत किंवा वय ठरविण्याच्या कामी दोन वर्षांचा फरक हा लहानसहान फरक नव्हे.

नुसत्या आकड्यांनी तारीख पूर्ण होत नाही, ती कोणत्या प्रदेशाच्या रीतीने लिहिली हे कळल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही, ही गोष्ट आज संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाची आहे. या गोष्टीला शास्त्राची बैठक देणारा आणि साऱ्या देशाच्या तारखा एकमेकींच्या भाषेत वाचण्याचे साधन सिद्ध करणारा माणूस मात्र संगणकाच्या कितीतरी आधी होऊन गेला. तो कोकणात जन्मलेला, मराठी शाळांत शिकवणारा एक शिक्षक होता. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

मुरूड ते बार्शी

दीक्षितांचा जन्म १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण ज्या मुरूडमध्ये गेले, तेच हे गाव. घरातील वळण जुने, वैदिक परंपरेचे. गावच्या शाळेतील शिक्षण आटोपल्यावर दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले आणि शिक्षक होऊन बाहेर पडले. पुढची सारी हयात त्यांनी शिक्षण खात्यातच काढली. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुणे अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. वेधशाळा नव्हती, दुर्बिणीसाठी पैसा नव्हता. शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात जे काही करता येईल, तेवढेच हाती होते.

ठाण्याच्या मुक्कामात त्यांचा जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी स्नेह जुळला. मोडक हे ज्योतिषाचे आणि गणिताचे जाणकार. विसाजी रघुनाथ लेले हे त्याच विषयातील आणखी एक मोठे नाव. या सहवासात दीक्षितांची ज्योतिषाची गोडी अभ्यासात बदलली. येथे ज्योतिष म्हणजे भविष्यकथन नव्हे. ग्रहांच्या गती, ग्रहणे, तिथी आणि पंचांग यांचे गणित.

तो काळ वेळेच्या बाबतीतही मोठ्या गोंधळाचा होता. प्रत्येक मोठ्या शहराची स्वतःची वेळ होती. आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावत आणि मुंबईतील घड्याळे मुंबईची वेळ दाखवीत. या दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक होता. १८८१ मध्ये मुंबईवर मद्रास वेळ लादण्याचा सरकारी प्रयत्न झाला, तेव्हा मुंबईकरांनी त्याला कडाडून विरोध केला. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, पण मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत पुरती सोडली नाही. वेळ आणि तारीख हा केवळ मोजमापाचा भाग नसून लोकांच्या अस्मितेचाही भाग असतो, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

१८८० च्या दशकात दीक्षितांचा मुक्काम बार्शीस होता. बार्शी इंग्रजी मुलखात. पण तेथून काही कोसांवर निजामाची हद्द सुरू होई. हद्दीच्या अलीकडे कचेरीतील कागदांवर इसवी सन, घरातील पंचांगात शालिवाहन शक, पेशवाईतील जुन्या दप्तरांत मृगापासून सुरू होणारा सुहूर सन आणि हद्दीपलीकडे हैदराबादचा फसली. एका दिवसाच्या प्रवासात माणूस वर्षांच्या चार मोजण्यांतून जात असे.

एकच दिवस, अनेक नावे

हा गोंधळ साऱ्या देशाचा होता. श्रीकृष्णजयंती महाराष्ट्रात श्रावण वद्य अष्टमीला येते, तर उत्तर हिंदुस्थानात भाद्रपद कृष्ण अष्टमीला. दिवस मात्र तोच. दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेत पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षापुरते महिन्याचे नाव बदलते. विक्रम संवत उत्तरेत चैत्रात बदलतो आणि गुजरातेत दिवाळीच्या पाडव्याला. त्यामुळे मधले काही महिने दोन्हीकडे संवताचा आकडा वेगळा असतो. शकाचा आकडाही कोठे सरलेल्या वर्षाचा तर कोठे चालू वर्षाचा लिहीत आणि तेथे एका वर्षाचे अंतर पडे. मुसलमानी तारीख सूर्यास्ताला बदलते, हिंदूंची सूर्योदयाला आणि इंग्रजी मध्यरात्री. म्हणून रात्रीच्या एखाद्या प्रसंगाची नोंद तीन दप्तरांत तीन तऱ्हेने होऊ शकते.

युरोपीय दप्तरेही यातून सुटलेली नाहीत. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी झाला. मुंबईकर इंग्रजांच्या रीतीने ती ६ जून १६७४ ही तारीख होती, कारण इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणनाच चालू ठेवली होती. गोव्यातील पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनच नवी ग्रेगोरियन गणना वापरीत. त्यांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जून होता. दोन्ही दप्तरे खरी, दोन्ही तारखा खऱ्या आणि तरीही दहा दिवसांचा फरक. शिवजयंती कोणत्या दिवशी साजरी करावी याविषयी महाराष्ट्रात पुढे जो दीर्घ वाद झाला, त्याच्या मुळाशी जन्मवर्षाच्या प्रश्नाबरोबरच तिथी आणि तारीख यांचा हाच गुंता आहे.

या गुंत्यातून वाट काढण्याचा मार्ग भारतीय ज्योतिषातच होता. कलियुगाच्या आरंभापासून किंवा ग्रंथकाराने ठरविलेल्या एखाद्या दिवसापासून इष्ट दिवसापर्यंत किती दिवस झाले, ते मोजून काढायचे. या संख्येला अहर्गण म्हणतात. अहर्गणाला महिना नाही, संवत नाही आणि प्रदेशही नाही. तो दिवसांचा नुसता अखंड मोजा आहे. कोणत्याही प्रदेशाची तारीख आधी या दिवसमोजणीत उतरवायची आणि मग हव्या त्या प्रदेशाच्या रीतीने पुन्हा लिहायची, की दोन्हींचा मेळ बसतो. मेळ बरोबर बसला की नाही हे तपासण्याचे साधनही हाताशी होते, ते म्हणजे वार. सन, महिने आणि पक्ष प्रदेशागणिक बदलले, तरी वाराचा क्रम साऱ्या देशात एकच राहिला. गणिताने आलेला वार आणि कागदावरचा वार जुळला नाही, तर चूक गणितात तरी आहे किंवा कागद तरी संशयास्पद आहे.

एरणचा गुरुवार

दीक्षितांच्या या तपासणीची कसोटी लवकरच लागली. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील जॉन फेथफुल फ्लीट हे त्या वेळी गुप्त राजांच्या शिलालेखांचे संपादन करीत होते. गुप्त संवत नेमका केव्हा सुरू झाला, हा तेव्हा भारतीय इतिहासातील अत्यंत वादग्रस्त प्रश्न होता. विद्वानांची मते इ. स. ७८ पासून ३१९ पर्यंत विखुरलेली होती. म्हणजे समुद्रगुप्त आणि चंद्रगुप्त यांचा काळ अडीचशे वर्षे पुढेमागे सरकत होता आणि त्यांच्याबरोबर त्या युगातील कवी, शिल्पे आणि देवालयेही सरकत होती. अल्बेरूनीने गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याची नोंद केली होती, पण ती सर्वांना मान्य नव्हती.

मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावरील लेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा दिवस दिला आहे. दीक्षितांनी त्याचे गणित करून पाहिले. ३१९ हा आरंभ धरला तर तो दिवस २१ जून ४८४ येतो आणि त्या दिवशी गुरुवारच होता. एक जुळणी योगायोगाने होऊ शकते, हे दीक्षितांना ठाऊक होते. त्यांनी त्या काळच्या इतर लेखांतील तारखाही तपासल्या. काही ताम्रपटांत गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातील संवत्सरांची नावे होती. गुरू सूर्याजवळून सुटून पहाटे पुन्हा दिसू लागतो, त्या वेळी तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून त्या संवत्सराचे नाव पडते. ही जुनी, विस्मृतीत गेलेली पद्धत दीक्षितांनी उलगडून दाखविली आणि ती लावताच ताम्रपटांतील संवत्सरेही जुळली.

फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० हा निर्णय पक्का झाला. आज शाळेच्या पुस्तकांत गुप्तकाळाची जी वर्षे छापलेली असतात, त्यांच्यामागे बार्शीच्या एका मराठी शिक्षकाने रात्री बसून केलेली आकडेमोड आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

न्यायालयांसाठी कोष्टके

धुळ्याच्या मुक्कामात आणि त्यानंतर पुण्यात दीक्षितांनी दोन मोठी कामे जवळजवळ बरोबरीने तडीस नेली. त्यांतील पहिले काम मद्रासच्या सनदी सेवेतील रॉबर्ट सेवेल यांच्यासह केलेले. ‘द इंडियन कॅलेंडर’ हा त्यांचा संयुक्त ग्रंथ १८९६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. व्हिएन्नाचे रॉबर्ट श्राम यांनी तयार केलेली, भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टके त्यास जोडली होती. इ. स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतील कोणतीही हिंदू किंवा मुसलमानी तारीख इंग्रजी तारखेत आणि वारात बदलण्याची सोय त्यात होती.

हा ग्रंथ केवळ इतिहास संशोधकांसाठी लिहिलेला नव्हता. जमिनीच्या मालकीचा पुरावा म्हणून न्यायालयांत जुने कागद हजर केले जात आणि त्यांत बनावट कागदांचा भरणा मोठा असे. कागदावरची तिथी आणि वार खरोखर एकत्र येतात की नाही, हे न्यायाधीशाला आणि कचेरीतील अधिकाऱ्याला तपासता यावे, हा ग्रंथाचा एक उघड हेतू होता. बनावट कागद करणाऱ्याला शाई, अक्षर आणि शिक्का जुना भासवता येतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या तिथीला कोणता वार होता, हे मात्र गणिताशिवाय सांगता येत नाही. पुष्कळ कागद या एका जागी उघडे पडत.

ग्रंथाची रचना प्रदेशाचे भान ठेवणारी होती. कोणता सन कोठे चालतो, कोठे कोणत्या महिन्यात बदलतो, सरलेले वर्ष लिहितात की चालू, महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला, हे सर्व आधी सांगितलेले होते. उत्तरेचा आणि दक्षिणेचा फसली वेगळा का, याचाही उलगडा त्यात होता. उत्तरेत हा सन अकबराच्या काळात सुरू झाला आणि दक्षिणेत शहाजहानच्या काळात. दोन्ही वेळी त्या वर्षीच्या हिजरी सनाचा आकडा घेऊन पुढे सौर वर्षे मोजू लागले. मधल्या ऐंशी वर्षांत हिजरी सनाची चांद्र वर्षे सौर वर्षांपेक्षा दोनांहून अधिक पुढे गेली होती. म्हणून दक्षिणेचा आकडा सुमारे दोनाने जास्त राहिला. इसवी सन काढण्यासाठी दक्षिणेच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे आणि उत्तरेच्या फसलीत ५९२ किंवा ५९३, हा नियम त्यातूनच आला.

चंद्र-सूर्यांतील अंतराचे दहा हजार भाग कल्पून तिथी काढण्याची सुटसुटीत पद्धत या कोष्टकांत होती. सारे गणित उज्जैनच्या मध्यरेषेवर बसविलेले होते आणि इतर गावांसाठी मिनिटांचा संस्कार दिला होता. परभणी उज्जैनच्या पूर्वेला सुमारे एक अंशावर आहे, म्हणजे तेथील वेळ चार मिनिटांनी पुढे. मुंबई पश्चिमेला, म्हणून ती सुमारे बारा मिनिटांनी मागे. तिथी सूर्योदयाला कोणती होती हे ठरविताना कधी कधी एवढ्या अंतरानेही दिवस बदलतो.

मराठीतील महाग्रंथ

दुसरे काम मराठीतील. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावरील ग्रंथासाठी पारितोषिक जाहीर केले होते. त्या निमित्ताने सुरू झालेले लेखन दीक्षितांच्या हातून वाढत गेले आणि १८९६ मध्येच ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा प्रचंड ग्रंथ पुण्यात छापून बाहेर पडला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे ज्योतिष, त्यातील ग्रंथकार, त्यांचे काळ, त्यांची मते, तसेच निरनिराळ्या प्रांतांत चालणारी पंचांगे यांचा साद्यंत आढावा त्यात आहे. महाराष्ट्रात गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून पंचांग होते, काशीकडे मकरंदावरून, तामीळ देशात आणखी निराळ्या पद्धतीने. म्हणून एकाच दिवसाची तिथीही कधी कधी प्रांतागणिक वेगळी निघते, हे त्यांनी सप्रमाण मांडले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नसल्याचा जो उल्लेख आहे, त्यावरून त्या ग्रंथातील तो भाग इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा असावा, हे त्यांचे अनुमान विशेष गाजले आणि त्यावर पुढे वादही पुष्कळ झाले.

विद्वानांसाठी लिहिणारे दीक्षित सामान्य वाचकांना विसरले नव्हते. ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकात त्यांनी आकाशाची ओळख सोप्या मराठीत करून दिली. शिक्षकाचा पिंड त्यांच्या प्रत्येक ओळीत दिसतो. न समजणारी गोष्ट तशीच पुढे ढकलायची नाही, हा त्यांचा बाणा होता.

हरलेला पक्ष

दीक्षितांच्या चरित्रात एक पराभवही आहे. लेले आणि मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. ऋतू सूर्याच्या संपातापासूनच्या स्थितीवर अवलंबून असतात. प्रचलित निरयन पंचांगात मात्र वर्षाची लांबी किंचित जास्त धरल्यामुळे सण हळूहळू ऋतूंपासून दूर सरकतात. मकरसंक्रांत उत्तरायणाचा दिवस मानली जाते, पण उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि संक्रांत येते जानेवारीच्या मध्यावर. हे अंतर वाढतच जाणार आहे. म्हणून पंचांग ऋतूंना धरून असावे, असा या मंडळींचा आग्रह होता.

युक्तिवाद बिनतोड होता, पण लोकांनी तो स्वीकारला नाही. केरोपंत छत्रे यांचे नवे, शुद्ध गणिताचे पंचांगही थोड्याच घरांत पोहोचले होते. सायन पंचांग तर त्याहून कमी. पिढ्यान्‌पिढ्या ज्या तिथीला श्राद्ध केले, ज्या दिवशी तिळगूळ वाटला, तो दिवस गणिताच्या सांगण्यावरून बदलायला कोणी तयार नव्हते. साऱ्या देशाच्या तारखा परस्परांना समजावून सांगणाऱ्या दीक्षितांना आपल्या शेजाऱ्यांची तारीख बदलता आली नाही. त्यांच्या कामाचा अर्थ कदाचित येथेच अधिक स्पष्ट होतो. तारखा एकसारख्या करणे कोणाच्याही हातचे नव्हते. त्या एकमेकांना समजतील असे करणे मात्र शक्य होते आणि तेच टिकले.

१८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, दीक्षितांचे निधन झाले. दोन्ही महाग्रंथ छापून होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती.

दीक्षितांनंतर

स्वातंत्र्यानंतर देशात तीसहून अधिक पंचांगे चालत असल्याचे सरकारच्या ध्यानात आले. १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका अमलात आली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, म्हणजे ते ऋतूंना धरूनच आहे. सायन पक्षाचा जो आग्रह एकोणिसाव्या शतकात घरोघर नाकारला गेला, त्यातील मुख्य तत्त्व सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात असे आले.

त्याच वर्षी दीक्षितांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद उत्तर प्रदेशातून प्रसिद्ध झाला. इंग्रजी अनुवाद साहा समितीचेच एक सदस्य रा. वि. वैद्य यांनी केला. त्याचे दोन भाग भारत सरकारने १९६९ आणि १९८१ मध्ये प्रकाशित केले. मराठीत लिहिलेला ज्योतिषाचा इतिहास जगाने वाचावा, यासाठी पाऊणशे वर्षे जावी लागली.

संगणकातील अहर्गण

दीक्षितांची रीत आज प्रत्येकाच्या खिशात आहे. संगणक आणि मोबाइल तारीख जशी दाखवतात तशी साठवीत नाहीत. बहुतेक यंत्रणांमध्ये १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढीच एक संख्या मोजली जाते. हा नव्या युगाचा अहर्गणच म्हणावा लागेल. त्या संख्येला महिना आणि वर्षाचे रूप देण्याचे काम ‘लोकेल’, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांची निवड करते. वेळेचा पट्टा निराळा ठरवावा लागतो.

बुधवार, ५ जून २०२४ हा दिवस उदाहरणादाखल घेता येईल. प्रदेश भारत ठेवला तर पडद्यावर ०५/०६/२०२४ दिसते. अमेरिका निवडताच तेच ६/५/२०२४ होते, कारण तेथे महिना आधी लिहितात. जर्मनीत तिरप्या रेघांऐवजी टिंबे येतात, जपानात वर्ष प्रथम येते. थायलंड निवडल्यास बौद्ध वर्ष २५६७ दिसते. इराण निवडल्यास १६ खुर्दाद १४०३ अशी तारीख येते. हैदराबादच्या फसली सनातही खुर्दाद नावाचा महिना होता. पण तेथील वर्ष आजूरपासून ऑक्टोबरात सुरू होत असल्याने नाव तेच असूनही दिवस मात्र निराळे. भाषा मराठी निवडली तर आकडे देवनागरीत उमटतात. युनिकोडच्या सामाईक कोशात मराठीसाठी देवनागरी अंक हेच मूळचे धरले आहेत, तर हिंदीसाठी इंग्रजी वळणाचे. राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार तो दिवस १५ ज्येष्ठ १९४६ होता आणि महाराष्ट्राच्या पंचांगात वैशाख वद्य चतुर्दशी. दिवस एकच, त्या दिवशीचा बुधवारही एकच.

धोका असतो तो ०५/०६ सारख्या तारखांत. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत अशी तारीख दोन्ही रीतींनी वाचता येते आणि चूक लक्षातही येत नाही. परदेशी गेलेल्या मुलाने पाठविलेले तिकीट, व्हिसाची मुदत किंवा औषधाच्या वेष्टनावरील शेवटची तारीख येथे फसवू शकते. तेरा तारखेपासून पुढे चूक उघडी पडते, कारण तेरावा महिना नसतो. खबरदारी साधी आहे. महत्त्वाच्या कागदावर महिना अक्षरांत लिहावा, वर्ष चार आकडी लिहावे. अनेक देशांशी व्यवहार असेल तर वर्ष, महिना, दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम वापरावा. संगणकावर तारीख विचित्र दिसली, तर आकडे बदलण्यापूर्वी प्रदेशाची निवड तपासावी; बहुतेक वेळा तारीख बरोबर असते, तिचा पेहराव तेवढा परका असतो. आणि शक्य असेल तेथे तारखेबरोबर वार लिहावा.

ही शेवटची सूचना खरे तर एरणच्या स्तंभावरची आहे. पंधरा शतकांपूर्वी तो लेख लिहिणाऱ्याने गुरुवार एवढा एक शब्द अधिक लिहिला, म्हणून दीक्षितांना एका साम्राज्याचा काळ ठरविता आला. देवगाव फाट्याच्या परिसरातील एखाद्या घरातून निघालेला फसली सनाचा कागद आज तहसील कचेरीच्या मेजावर येतो, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो : कोणते वर्ष, यापेक्षा आधी, कोठले वर्ष? मुरूडच्या त्या शिक्षकाने आपले आयुष्य या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी वेचले.